जुनी गाडी उघडण्यापूर्वी

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची छायाचित्रे मिळाली. गाडी १९३०च्या दशकातली आहे, कित्येक वर्षे एकाच जागी उभी आहे, इंजिन हॅण्डलने फिरत नाही, आणि येत्या सुट्टीत ती पूर्ण उघडून, पत्रा घासून, नवा रंग देऊन जुन्या गाड्यांच्या क्लबच्या पुढच्या फेरीत उतरवायची, असा तुझा बेत दिसतो. तुझ्या उत्साहाचा मला मनापासून आनंद वाटतो, तरीही माझे सांगणे असे आहे की या सुट्टीत एकही बोल्ट सोडवू नकोस. रंग पुन्हा देता येतो, पिस्टन नवे करून घेता येतात, रेडिएटरचा गाभा बदलता येतो. पण ज्या कारागिरांनी ती गाडी बांधली त्यांच्या हातच्या ज्या खुणा आजवर तिच्यावर टिकून आहेत, त्या एकदा सँडपेपरखाली गेल्या की कितीही पैसे मोजले तरी परत येत नाहीत. मला जे सांगायचे आहे ते सारे याच एका गोष्टीशी बांधलेले आहे.

सुट्टीचा वेळ गाडीकडे पाहण्यात घालव. चासीवरचा, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा क्रमांक, इंजिनच्या ब्लॉकवर ठोकलेला क्रमांक आणि बॉनेटखालच्या पट्टीवरचा क्रमांक उतरवून घे, आणि ते कंपनीच्या जुन्या नोंदींशी किंवा क्लबच्या नोंदवहीशी जुळतात का ते विचार. त्या काळातल्या कित्येक गाड्यांच्या पत्र्याखाली ॲश लाकडाचा सांगाडा असे, आणि बॉडी बांधणारे आपला अनुक्रमांक पुष्कळदा त्या लाकडावर, सीटच्या चौकटीखाली किंवा दाराच्या आतल्या बाजूला ठोकत वा पेन्सिलीने लिहीत. दाराच्या बिजागऱ्यांमागे, डॅशबोर्डच्या पाठीमागे आणि तळफळ्यांच्या खाली मूळ रंग हमखास सापडतो, कारण तिथे ऊन पोहोचत नाही आणि नंतरच्या रंगाऱ्यांचा ब्रशही पोहोचत नाही. सीटवर नंतर चढवलेले आवरण असेल, तर एका कोपऱ्यात ते हळूच उचलून खाली मूळ चामडे शिल्लक आहे का ते बघ. कापडी वेष्टनाच्या तारा असतील, तर त्यांच्या विणीतल्या रंगीत धाग्यांची नोंद ठेव, कारण कोणती तार कुठे जाते हे त्या धाग्यांवरूनच ओळखायचे असते. यांपैकी प्रत्येक गोष्टीचे छायाचित्र घे आणि शेजारी मोजपट्टी ठेवून घे. पुढे एखादा भाग नव्याने घडवायची वेळ आली तर लेथवर काम करणाऱ्याला तेच छायाचित्र उपयोगी पडेल.

अशी सावधगिरी हा माझा एकट्याचा हट्ट आहे असे समजू नकोस. १९६६ मध्ये स्थापन झालेला ‘फिवा’ हा जुन्या वाहनांच्या क्लबांचा आंतरराष्ट्रीय महासंघ किमान तीस वर्षे जुन्या, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेत राखलेल्या आणि रोजच्या दळणवळणासाठी न वापरल्या जाणाऱ्या वाहनालाच ऐतिहासिक वाहन मानतो, आणि त्याने २०१२ मध्ये स्वीकारलेल्या तुरिन सनदेत जतन, दुरुस्ती आणि जीर्णोद्धार यांत स्पष्ट भेद केलेला आहे. जे टिकून आहे ते आधी सांभाळावे, जे मोडले आहे तेवढेच दुरुस्त करावे, आणि संपूर्ण जीर्णोद्धाराकडे दुसरा मार्ग उरला नाही तरच वळावे, असा तिचा रोख आहे. पूर्वी स्पर्धांत बक्षिसे मिळत ती आरशासारख्या चकाकणाऱ्या गाड्यांना, आणि त्या चकाकीपायी कित्येक उत्तम गाड्यांची मूळ चामडी, मूळ निकेलचे काम आणि मूळ रंग कचऱ्यात गेला. याचे मला आजही वाईट वाटते. आता अनेक मोठ्या प्रदर्शनांत न उघडलेल्या, जतन केलेल्या गाड्यांचा स्वतंत्र वर्ग असतो. तुझ्या छायाचित्रांवरून मागच्या दारांचा आणि छताच्या कडेचा रंग मूळचा असावा असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरला तर त्या दारांना केवळ पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके लागू दे, त्यापलीकडे काही नको.

आता इंजिनाविषयी. ते फिरत नाही म्हणजे ते संपले असे मुळीच नाही. बहुतेक वेळा सिलिंडरमध्ये ओलावा शिरून गंज चढलेला असतो आणि रिंगा त्यात धरलेल्या असतात. कधी व्हॉल्व्ह त्याच्या गाइडमध्ये, म्हणजे तो ज्या नळीत वरखाली सरकतो तिच्यात, चिकटलेला असतो, तर कधी अडकलेला असतो तो नुसता पाण्याचा पंप किंवा डायनॅमो. म्हणून प्रथम गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री कर, पंख्याचा पट्टा काढून पंप आणि डायनॅमो हाताने फिरवून बघ, आणि मगच प्लग काढ. प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारे पातळ तेल सोड आणि थांब. इथे एक बारकावा आहे: तुझे इंजिन साइड-व्हॉल्व्ह, म्हणजे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला असणारे, असेल तर प्लगचे भोक बहुधा पिस्टनच्या नव्हे, व्हॉल्व्हच्या डोक्यावर असते, आणि वरून ओतलेले तेल पिस्टनपर्यंत न जाता व्हॉल्व्हकडेच उतरते. वाकवलेल्या बारीक नळीने ते सिलिंडरच्या बाजूला नेऊन सोडावे लागते. हे रोज थोडे थोडे, कित्येक आठवडे करावे लागले तरी कर, आणि मधूनमधून हॅण्डलला दोन्ही दिशांनी हलका दाब दे. गाडी गिअरमध्ये टाकून दुसऱ्या वाहनाने ओढावी, असा सल्ला तुला कोणीतरी नक्की देईल. तो ऐकू नकोस. अशा ओढण्याने कनेक्टिंग रॉड वाकतात, पिस्टन फुटतात, आणि जे इंजिन तेलाने आणि संयमाने सुटले असते ते मोडीत जाते.

इंजिन सुटले की लगेच सुरू करण्याचा मोह होतो, आणि सर्वांत मोठे नुकसान त्याच घटकेला होते. त्या काळातल्या पुष्कळ इंजिनांची बेअरिंगे म्हणजे जागेवर ओतलेला पांढरा धातू असतो, म्हणजेच प्रामुख्याने कथिलाचा मऊ मिश्रधातू, आणि तेलाविना काही क्षण फिरले तरी तो ओरखडतो किंवा वितळून निघतो. तो नव्याने ओतून अचूक मापाला आणणारे कारागीर आता फार थोडे उरले आहेत. तेव्हा आधी संप, म्हणजे इंजिनाच्या तळाचे तेलाचे भांडे, उतरव, तळाशी साचलेला काळा गाळ काढ, तेल खेचणारी जाळी स्वच्छ कर, नवे तेल भर, आणि प्लग काढलेलेच ठेवून तेलाच्या दाबाचा काटा उचलेपर्यंत इंजिन फिरवत राहा. आतला गाळ तसाच ठेवून आधुनिक डिटर्जंट तेल भरलेस, तर ते तेल वर्षानुवर्षे चिकटलेली घाण सोडवून थेट तेलवाहिन्यांत नेऊन बसवते. गिअरबॉक्समध्येही हाती येईल ते तेल भरू नकोस. आत ब्राँझचे बुश असतील तर ‘जीएल-५’ या प्रतीच्या आधुनिक गिअर तेलातली गंधकयुक्त द्रव्ये त्यांना खातात.

पान्यांचा संच घेण्याआधी आटे तपास. ब्रिटिश गाड्यांवर बहुधा १८४१ सालच्या व्हिटवर्थ पद्धतीचे किंवा तिच्यातूनच निघालेले बारीक आटे असतात, ज्यांचा कोन ५५ अंशांचा असतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस ठरलेल्या एकीकृत पद्धतीचा कोन ६० अंशांचा आहे. दोन्ही एकमेकांत थोडे शिरतात, घट्ट झाल्यासारखे वाटतात आणि दोघांचेही आटे खराब होतात. त्यातही मॉरिसच्या इंजिनांची गंमत निराळी आहे. ती बनवणारा कारखाना मूळचा हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा, त्यामुळे त्याच्या इंजिनांवर आटे मेट्रिक, पण बोल्टची डोकी व्हिटवर्थ पान्याची, असा मिलाफ अनेक वर्षे चालू राहिला. हे ठाऊक नसलेल्या माणसाने नवा आटा पाडला की मूळ भोक कायमचे गेले. म्हणून सुटलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या वॉशरसह लेबल लावलेल्या पिशवीत ठेव, आणि गंजलेला दिसला म्हणून टाकून देऊ नकोस. सुटे लोखंडी भाग धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेच्या मंद प्रवाहाने छान गंजमुक्त होतात; मात्र त्या पाण्यात ॲल्युमिनियम घालू नये, दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टील लावू नये, कारण त्यातून विषारी क्रोमियम सुटते, आणि हे काम उघड्या हवेत करावे, कारण त्यात हायड्रोजन निघतो.

गाडी चालण्याआधी ती थांबली पाहिजे, म्हणून इंजिनापेक्षा ब्रेकना अग्रक्रम दे. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असते. ड्रमातली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नकोस. योग्य मास्क लावून ती ओल्या फडक्याने पुसून घे आणि ते फडके बंद पिशवीत घाल. जुन्या रंगात शिसे असते, तेव्हा तो कोरडा घासू नकोस. रिकाम्या पेट्रोल टाकीजवळ वेल्डिंगची ठिणगीही नको, कारण आत उरलेली वाफ पेट्रोलापेक्षा घातक असते. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नकोस. भक्कम स्टँड लावल्याशिवाय अंगाचा एकही भाग खाली घालायचा नाही, हे मी तुला आज्ञा म्हणून सांगत आहे.

पेट्रोलबद्दल तू विचारलेस. शिसेयुक्त पेट्रोल १९२३ मध्ये विक्रीस आले आणि २०२१ मध्ये रस्त्यावरच्या वाहनांसाठी जगभरातून संपले, त्यामुळे त्याची चिंता करण्यात अर्थ नाही. सावकाश चालवलेल्या जुन्या इंजिनाच्या व्हॉल्व्ह सीट सहसा फार झिजतही नाहीत. खरा त्रास इथेनॉलचा आहे, कारण ते पाणी ओढून घेते, जुने रबर फुगवते, आणि कार्बोरेटरच्या कॉर्कच्या तरंगावर लाखेचा लेप असेल तर तो विरघळवते. हे भाग बदलताना नवे भाग इथेनॉलला टिकणारे घे आणि काढलेले जपून ठेव. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरी सहा व्होल्टची आहे का आणि तिचा धन ध्रुव चासीला जोडलेला आहे का, एवढे बघून घे. टायरवर नक्षी भरपूर दिसली तरी रबर वयाने मरते, तेव्हा तिथे मूळपणाचा आग्रह नको. टायर बदल.

क्लबविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण तुझ्या पत्रात क्लबचा उल्लेख केवळ फेरीपुरता आहे. फेरी हा क्लबचा दिसणारा भाग आहे. त्याचे खरे धन जुन्या सदस्यांच्या हातांत, त्यांच्या कपाटांतल्या माहितीपुस्तिकांत आणि मापे लिहिलेल्या वह्यांत असते. कोणत्या गाडीचा मॅग्नेटो, म्हणजे ठिणगीसाठी वीज निर्माण करणारे यंत्र, कोणत्या गाडीला चालतो, कोणत्या वर्षी निकेल जाऊन क्रोमियम आले, कोणता भाग सदस्यांनी मिळून एकदम घडवून घेतला होता आणि त्याचा साचा आता कोणाकडे आहे, हे कुठेही छापलेले नसते. पहिले वर्षभर तू कामगार म्हणून जा. एखाद्याचा क्लच उतरवायचा असेल तर दिवा धर, भाग पूस, पाना हातात दे. पाहता पाहता जे हाताला कळते ते माझ्या पत्रातून कळणार नाही. आणि परवानगी मिळाली की या वडीलधाऱ्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेव, कारण त्यांच्यानंतर ते विचारायला कोणी उरणार नाही.

काही रीती मात्र पहिल्या दिवसापासून पाळ. दुसऱ्याच्या गाडीला विचारल्याशिवाय हात लावू नये, तिच्या मडगार्डवर टेकू नये, मागून आणलेले हत्यार पुसून परत करावे, आणि फेरीत कोणी रस्त्याकडेला थांबलेला दिसला तर आपणही थांबावे. क्लबांत मूळपणावरून वाद होतात, कधी कडवटही होतात. त्यात बाजू घेण्याची घाई करू नकोस. सालांच्या रेघाही समजून घे. १९३४ मध्ये स्थापन झालेला ब्रिटनचा व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३० अखेरपर्यंतच्या गाड्यांना व्हिंटेज मानतो, तर लंडन ते ब्रायटन ही १८९६ च्या मोटारफेरीच्या स्मरणार्थ १९२७ पासून होत आलेली दौड १९०५ पूर्वीच्या गाड्यांची आहे. वर्गाच्या लोभाने गाडीचे साल मागे ढकलणारे लोक भेटतील. तू कागदांवरून सिद्ध होईल तेच साल सांग.

चालवण्याचे प्रत्यक्ष दाखवावे लागेल, तरी एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेव. १९१२ च्या कॅडिलॅकवर विजेचा स्टार्टर आल्यानंतरही हॅण्डल पुष्कळ वर्षे गाड्यांबरोबर राहिले, आणि तुझ्या गाडीलाही ते आहे. ते मारताना इग्निशन मागे घेतलेले, म्हणजे ठिणगी उशिरा पडेल असे लावलेले असावे, अंगठा मुठीभोवती न गुंडाळता इतर बोटांच्याच बाजूला ठेवावा, आणि हॅण्डल खालून वर खेचावे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मूठ हातातून सुटते आणि मनगट वाचते.

सध्या एवढे कर: तीनही क्रमांक, इंजिनाच्या दोन्ही बाजू, दाराच्या बिजागऱ्यांमागचा रंग आणि सीटखालचे लाकूड यांची छायाचित्रे पाठव; लाकडात दाभण कुठे कुठे सहज शिरते तेही लिही. बोल्ट सोडवायचे नसले तरी सिलिंडरमध्ये तेल सोडायला आजपासून सुरुवात केलीस तर चालेल, मात्र प्लग आधी सैल करताना कोरडा जोर लावू नकोस. त्यांच्या बुडाशी तेल घालून एक रात्र जाऊ दे.

तुझा हितचिंतक