ग्रीक पुराणातल्या पर्सेफनीच्या गोष्टीवरची टीनएजर्ससाठीची नवीन कादंबरी माझ्या १४ वर्षांच्या भाचीला वाढदिवसाला देऊ का?

नका देऊ. मी गेल्याच महिन्यात वाचली, दोन रात्रीत संपवली आणि खरंच वाईट वाटलं, कारण ही गोष्ट माझ्या फार जवळची आहे.

भाषा बरी आहे, पाताळाचं वर्णन पण जमलंय. पण गोष्टीतली आईच काढून टाकलीय हो. म्हणजे डिमीटर, पर्सेफनीची आई, धान्याची देवी, आहे, पण नुसती लेकीला कोंडून ठेवणारी, सारखी ओरडणारी बाई. आणि पाताळाचा राजा हेडीस कसा, तर आतून दुखावलेला, समजूतदार, हँडसम मुलगा. पर्सेफनी आपणहून त्याच्याकडे पळून जाते आणि आपणहून डाळिंबाचे सहा दाणे खाते (पाताळात काही खाल्लं की तिथे परत जावंच लागतं), झालं.

आता मूळ बघा. ही गोष्ट सविस्तर येते ती डिमीटरच्या स्तोत्रात, ग्रीक महाकवी होमरच्या नावावर चालतं पण त्याचं नाही, जेमतेम ४९५ ओळी. त्यात पोरगी फुलं तोडत असते, नार्सिससच्या फुलाला हात घालते तर जमीन फाटते आणि हेडीस तिला रथात घालून नेतो, ती किंचाळत असते. तिच्या बापाने, देवांचा राजा झ्यूसनेच, तिला न विचारता हे ठरवलेलं. आई नऊ दिवस मशाली घेऊन हिंडते, पोटात अन्न नाही, अंगावर पाणी नाही. मग म्हातारीच्या रूपात एल्युसिस गावात विहिरीपाशी बसते, पाणी भरायला आलेल्या मुलींमुळे त्यांच्या घरी जाते, तिथे चांगली खुर्ची देतात ती नको म्हणते, साध्या स्टुलावर तोंडावर पदर ओढून कितीतरी वेळ गप्प बसते, वाईन पण नाकारते, आणि मागते काय तर जवाचं पीठ अन् पुदिना घातलेलं पाणी. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

आणि हीच बाई नंतर शेतात दाणा उगवू देत नाही, इतकं की झ्यूसला नमतं घ्यावं लागतं. कादंबरीत ह्याची अडीच पानं आहेत फक्त.

बदल करायला माझी हरकत नाही, रोमन कवी ओव्हिडने पण दाणे सात केले आणि लेकीचं वर्ष आई आणि नवऱ्यात अर्धं अर्धं वाटलं. पण मुलींसाठी लिहितोय म्हणून मुलीची किंकाळीच पुसून टाकायची आणि तिला शोधणाऱ्या एकुलत्या एका माणसाला व्हिलन करायचं, हे मला नाही पटत.

त्यापेक्षा त्या स्तोत्राचं एखादं चांगलं इंग्लिश भाषांतर द्या, तासाभरात वाचून होतं, तुम्ही पण सोबत बसा. शेवटी लेक परत येते, दोघी मिठी मारतात, आणि मिठीतच आईला शंका येते आणि ती विचारते, तिथे काही खाल्लं नाहीस ना गं? लेक सांगते, त्याने जबरदस्तीने एक दाणा खायला लावला. तिथे जरा थांबा आणि भाचीला काय वाटतं ते बोलू द्या.