वाचकांचे प्रश्न : मुलाचे घर आणि त्याचा जोडीदार

प्रश्न : माझा मुलगा पुण्यात नोकरी करतो व काही वर्षांपासून एका मित्रासोबत राहतो. आम्ही जोडीदार आहोत, असे त्याने आम्हा दोघांना सांगितले आहे. आता ते मिळून घर घेणार आहेत. भावकीतले लोक मात्र म्हणतात, “सर्वोच्च न्यायालयानेच याला नकार दिला आहे, त्याचे दोनाचे चार हात करा, म्हणजे तो मार्गाला लागेल.” मी काय करावे? – एक आई, सातारा जिल्हा

उत्तर : सज्ञान व्यक्तींमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजीच स्पष्ट केले आहे, हे भावकीला प्रथम सांगा. भावकी ज्या नकाराबद्दल बोलते, त्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात प्रश्न समलिंगी विवाहाच्या मान्यतेचा होता. विवाह हा मूलभूत हक्क नाही आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात तशी दुरुस्ती करणे संसदेचे काम आहे, यावर पाचही न्यायाधीशांचे एकमत झाले. तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल यांनी अशा जोडप्यांच्या सहजीवनाला कायदेशीर मान्यता मिळण्याचा हक्क मानला, परंतु उरलेल्या तिघांचे मत विरुद्ध पडले. एकत्र राहण्याचा अधिकार मात्र एकाही न्यायाधीशाने नाकारलेला नाही.

ही मागणी शहरी उच्चभ्रूंची आहे, असे केंद्र सरकारने त्या सुनावणीत म्हटले होते. मला ते मुळीच पटत नाही. समलिंगी माणसे गावोगावी आहेत. गावात मोकळेपणाने जगता येत नाही, म्हणून त्यांतली अनेक जण शहर गाठतात. विवाह संततीसाठीच असतो, असाही युक्तिवाद होतो. पण विशेष विवाह कायद्यात अपत्याची अट नाही आणि साठीत केलेला विवाहही त्याखाली नोंदवला जातो. दोनाचे चार हात करण्याच्या सल्ल्यात तर जिच्याशी लग्न लावायचे, त्या मुलीचा कोणी विचारच केलेला दिसत नाही. तिचे आयुष्य आपल्या मुलाच्या ‘मार्गाला लागण्या’साठी खर्ची घालण्याचा अधिकार कोणालाही नाही.

खरी काळजी घराची करा. आपल्याला हिंदू वारसा कायदा लागू असेल आणि अविवाहित, निपुत्रिक मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर त्याचा हिस्सा आईला, म्हणजे आपल्याला मिळतो. बरोबरीने हप्ते भरणाऱ्या जोडीदाराला त्या हिश्श्यातून काहीही मिळत नाही. त्यामुळे खरेदीखतात दोघांची नावे व हिस्से स्पष्ट लिहावेत आणि प्रत्येकाने दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी आपले मृत्युपत्र करावे. केवळ नॉमिनी म्हणून नाव लावून भागत नाही, कारण नॉमिनी मालक होत नाही; शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच पुन्हा सांगितले. संयुक्त बँक खाते उघडण्यास आडकाठी नाही, असे केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये कळवले आहे.

अशा मृत्युपत्राला आव्हान आलेच, तर ते बहुधा घरच्यांकडूनच येते. म्हणून ही व्यवस्था मला मान्य आहे, हे आपण स्वतः भावकीसमोर बोलून ठेवावे. कायद्याने पत्नीला दिलेले संरक्षण या जोडीदाराला नाही; तोवर आपला शब्द त्याच्या फार उपयोगी पडेल.

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाचे समलिंगी आकर्षण औषधांनी घालवतो, असे एक डॉक्टर सांगतात. उपचार सुरू करावेत का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : करू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली आणि भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही ती आजार नसल्याचे जाहीर केले आहे. असे ‘रूपांतर उपचार’ करणे हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरवले असून, त्याबद्दल राज्याच्या वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. भाऊ उदास किंवा गप्प राहत असेल, तर त्या त्रासासाठी मानसोपचारतज्ज्ञाची मदत जरूर घ्यावी, मात्र त्याच्या संमतीने. आणि त्या डॉक्टरांकडे त्याला पुन्हा नेऊ नये.