बारावीनंतर कॉलेज की थेट आयटीत नोकरी?

बारावी सायन्सला ६८ टक्के, रिअॅक्ट (वेबसाइटची पानं बनवायचं साधन) येतं, मग इंजिनिअरिंगची चार वर्षं कशाला, असा तुमचा प्रश्न.

'डिग्री म्हणजे नुसता कागद' हे मला नेहमी डिग्रीवाल्यांच्याच तोंडून ऐकू येतं. मोठ्या कंपन्यांच्या फ्रेशर भरतीत पदवीचा रकाना रिकामा असला की अर्ज तिथेच गळतो, तुमचा कोड कुणी उघडतही नाही. अमेरिकेच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसाला पदवी नसेल तर अनुभवाची तीन वर्षं शिक्षणाच्या एका वर्षाबरोबर धरतात. म्हणजे चार वर्षांच्या पदवीच्या बदल्यात बारा वर्षं! जर्मनीने नोव्हेंबर २०२३ पासून आयटीवाल्यांना पदवीविना ब्लू कार्ड (तिथे राहून नोकरी करायचा परवाना) खुलं केलंय, पण मागच्या सात वर्षांतला तीन वर्षांचा अनुभव आणि ठरावीक पगार लागतोच.

तेव्हा पदवी घ्याच, पण नोकरीच्या जोडीने आणि कमी खर्चात. इग्नूचं बीसीए आहे. आयआयटी मद्रासचा ऑनलाइन बीएस डेटा सायन्स २०२१ पासून आहे. त्याला जेईई लागत नाही, पण आधी चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते आणि परीक्षा केंद्रावर जाऊनच होतात. मुलं अडकतात ती गणितात आणि स्टॅटिस्टिक्समध्ये. नोकरी सांभाळून एका टर्मला दोनच विषय घ्या.

नोकरी छोट्या कंपनीतच मिळेल. तिथे नमुना म्हणून टू-डू लिस्टचं अॅप दाखवू नका, ती सगळ्यांकडे असते. एका दुकानाचं ऑर्डर-बिलिंग बनवा : लॉगिन, पोस्टग्रेस डेटाबेस, रोजचा बॅकअप. मग त्यात ५०,००० खोट्या ऑर्डरी भरा आणि यादीचं पान उघडा. पान रांगायला लागलं तर दोन गोष्टी तपासा : सगळ्या ओळी एकदम मागवताय का, आणि प्रत्येक ऑर्डरमागे ग्राहकाचं नाव आणायला डेटाबेसला वेगळी क्वेरी (मागणी) जातेय का. जॉइन लावा म्हणजे ऑर्डर आणि नाव एकाच क्वेरीत येतील, तारखेवर इंडेक्स (शोध पटकन लागावा म्हणून सूची) टाका, पानागणिक ५० ओळी आणा. आधी किती सेकंद, नंतर किती, ते रीडमीत (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) लिहा. बॅकअप एकदा रिकाम्या डेटाबेसवर परत चढवून बघा. बहुतेकांचा बॅकअप नेमका तिथेच फसतो. मुलाखतीत अर्धा तास याच्यावरच बोलता येतं.

'नोकरीची हमी' देणाऱ्या क्लासची फी हप्त्यांनी भरायची असेल तर कागद नीट वाचा. बहुधा ते फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लास बंद पडला तरी हप्ता चुकत नाही, थकला तर सिबिल खराब. बारावीनंतर घेणाऱ्या कंपन्यांच्या योजनांतही (एचसीएलची टेकबी आहे, तिच्यातल्या आयटीच्या कामांना बारावीला गणित लागतं) प्रशिक्षणाची फी, बाँडची वर्षं आणि मधेच सोडल्यास भरायची रक्कम लेखी घ्या.

हो, एक राहिलंच. सीईटीत पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय कॉलेजला कॉम्प्युटर मिळण्याइतके पर्सेंटाइल असतील तर वरचं सगळं विसरा आणि कॅप राउंडचा (सरकारी केंद्रीय प्रवेशाचा) फॉर्म वेळेत भरा.