‘कला आणि विज्ञान’ की ‘विद्या आणि कला’?

फ्रान्स्वा बूशे या फ्रेंच चित्रकाराच्या ‘आर्ट्स अँड सायन्सेस’ या चित्रमालेचं नाव एका वाचकाने ‘कला आणि विज्ञान’ असं केलं, आणि मग त्यांनाच शंका आली. या चित्रांत मुलं मासे धरतात, शिकार करतात. ते विज्ञान कसं?

शंका रास्त आहे. माझ्या मते इथे ‘विद्या आणि कला’ लिहावं.

अठराव्या शतकाच्या मध्यातली ही आठ चित्रं न्यूयॉर्कच्या फ्रिक संग्रहालयात एका खोलीच्या भिंतींत बसवलेली आहेत. प्रत्येकात दोन विषय, एक वर, एक खाली. वास्तुकलेच्या जोडीला रसायन, खगोलाच्या जोडीला जलविद्या, पक्षी पकडण्याच्या जोडीला बागकाम. आणि सगळीकडे गुबगुबीत मुलं मोठ्यांची कामं करताना दिसतात. त्या काळच्या फ्रेंच उमरावांच्या घरी दुर्बीण आणि गळ ही एकाच फुरसतीची साधनं होती. पाणी उपसून चढवण्याचं ज्ञानही त्यांच्या ओळखीचं होतं ते बागेतल्या कारंज्यांमुळे. पॅरिसजवळच्या मार्लीला सीन नदीवर बसवलेली चौदा चाकं राजाच्या कारंज्यांसाठीच पाणी वर चढवत. 1751पासून निघू लागलेल्या फ्रेंच विश्वकोशाच्या नावातही विद्या, कला आणि हुन्नर एका ओळीत येतात.

आपल्या आजच्या ‘विज्ञान’ शब्दाला ही ओळ पेलत नाही. त्यात प्रयोगशाळा आली, शाळेचा तास आला. (शब्द जुनाच आहे; ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात तो प्रपंचाच्या ज्ञानासाठी येतो. पण तो अर्थ आता वाचकाच्या कानात नाही.) ‘विद्या’ मात्र अजून ऐसपैस आहे. चौदा विद्या, चौसष्ट कला आपण सहज म्हणतो, धनुर्विद्या म्हणतो, आणि आपल्या कृषी विद्यापीठांत बागायतीच्या विषयाला आजही ‘उद्यानविद्या’ म्हणतात. बूशेच्या बागकामाला तयार शब्द मिळाला!

‘मासेमारी’ मात्र नको. तिला कोळ्यांच्या होड्यांचा, जाळ्यांचा, पोटापाण्याचा वास आहे. ‘गळ टाकणं’ लिहा. एकूण चित्रांबद्दल लिहिताना ‘करमणूक’ही टाळावी, करमणूक बसल्या जागी दुसरा कुणी करतो. ही मुलं स्वतः काहीतरी करण्यात गढली आहेत, त्याला ‘विरंगुळा’ शोभतो.

‘ज्योतिष’ म्हटलं की आज पत्रिका आठवते, म्हणून खगोलविद्या. रसायनाच्या चित्राला ‘किमया’ लिहिण्याचा मोह मलाही होतो, कारण अरबी ‘कीमिया’तूनच आपली किमया आली आणि फ्रेंचांची ‘शिमी’ही, म्हणजे त्यांचा रसायनशास्त्राचा शब्द. पण मराठी वाचकाला किमया म्हणजे आता जादूच वाटेल. तिथे रसायनविद्या असू द्या.