पावतीवरची फॅट बरणीत दाखवा

पाचवीच्या वर्गाला दुग्धव्यवसाय आणि दुधाचे पदार्थ कृतीतून कसे शिकवावेत, असं तुम्ही विचारलंय. शाळा कोल्हापूर शहरात, निम्मी मुलं आसपासच्या गावांतली. मी करवीर तालुक्यात प्राथमिकला शिकवते, त्यामुळे वर्गात करून घेतलेलंच सांगते.

'गायीचे उपयोग' छापाचा तक्ता रंगवून घेऊ नका. तास जातो, हाती काही लागत नाही. आपल्याकडे त्याहून भारी साहित्य फुकट मिळतं, ते म्हणजे दूध संस्थेची पावती. ज्यांच्या घरचं दूध डेअरीला जातं त्यांच्याकडून एकेक जुनी पावती मागवा. लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर, सगळं असतं त्यावर. नाव आणि रक्कम मात्र आधी खोडून घ्या. कुणाच्या घरी दहा दिवसांचं बिल किती येतं याची चर्चा वर्गात नको. गावाकडच्या पोरांना 'आज फॅट कमी लागली' हे रोजचं, पण फॅट म्हणजे नेमकं काय ते सांगता येत नाही.

मग लोणी काढा. म्हशीच्या दुधाची चार-पाच दिवसांची साय फ्रिजात साठवून आदल्या रात्री विरजण लावायचं. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या बरण्यांत निम्म्याहून कमी भरायची, नाहीतर हलवायला जागाच उरत नाही. बरणी हातोहात फिरू द्या आणि पोरांना सांगा, कान बरणीकडे ठेवा. आधी खळखळ ऐकू येते. मग साय फुगून घट्ट होते आणि आवाज जवळपास बंद पडतो. इथं पोरं कंटाळतात, 'बाई, होईना झालंय' सुरू होतं. थांबायचं नाही. एकाएकी डबक् डबक् आवाज येतो. झाकण काढलं की पातळ ताक आणि त्यात गोळा. दुधात स्निग्धाचे बारीक थेंब असतात, प्रत्येकाभोवती पातळ आवरण. हिसके बसून ते फाटतं आणि थेंब एकमेकांना धरतात. उन्हाळ्यात गोळा धरत नाही, तेव्हा बर्फाचं पाणी घाला.

आता फळ्यावर या. फॅट 6.5 म्हणजे 100 ग्रॅम दुधात 6.5 ग्रॅम स्निग्ध, लिटरला साधारण 65 ग्रॅम. तूप फार तर तेवढंच निघणार. मग पाव किलो तुपाला दूध किती? मुलं चार लिटरच्या आसपास पोचतात आणि तूप महाग का, ते कुणीतरी आपणहून बोलतं. गायीच्या दुधाची 3.5 फॅट धरून तेच गणित पुन्हा घाला. म्हशीच्या दुधाला दर जास्त का, ते त्यातच निघतं.

लॅक्टोमीटरही आणा, म्हणजे दुधात तरंगवून त्याची घनता दाखवणारी आकड्यांची नळी. चांगल्या दुधात तो 28 ते 30 च्या आसपास थांबतो, पाणी मिसळलं की आणखी बुडतो आणि आकडा उतरतो. मग त्याच पाणीदार दुधात मुलांसमोर साखर विरघळवा. आकडा परत चढतो! नुसत्या लॅक्टोमीटरवर दूध का घेत नाहीत, हे वेगळं समजावावं लागत नाही.

पहिल्याच तासाला एक प्रश्न टाका, म्हैस दूध कधी द्यायला लागते? शहरातली बरीच पोरं गोंधळतात. व्याल्याशिवाय दूध नाही. गाय नऊ महिन्यांहून थोडी जास्त आणि म्हैस दहा महिन्यांच्या वर गाभण राहते, शेवटी भाकड असते आणि तेव्हाही वैरण-पेंड चुकत नाही. हे कळल्यावर धंद्याचा हिशेब कळतो. कुणाकडे म्हैस व्याली आणि रेडकाला पाजून चीक उरला, तर खरवस वाफवा, शेजारी साधं दूधही ठेवा. चिकात प्रथिनं कितीतरी जास्त, म्हणून तो थिजतो आणि दूध तसंच राहतं.

लिंबू पिळून पनीर, तीन वाट्यांत विरजण लावणं वगैरे नेहमीचे प्रयोग तुम्हाला कुठंही सापडतील.

गंगावेशीच्या दूध कट्ट्याचा विषय मुलं काढणारच, तिथं म्हैस समोर पिळून ग्लास हातात देतात. टाळू नका. कच्च्या दुधातून क्षयरोग, ब्रुसेलोसिस (जनावरांकडून माणसाला होणारा तापाचा आजार) पसरू शकतो हे सांगा आणि तिथूनच पाश्चरीकरणावर, म्हणजे दूध तापवून जंतू मारण्यावर या: 72 अंश सेल्सिअस, 15 सेकंद. गावच्या संस्थेतून शीतकरण केंद्र, तिथून टँकरनं गोकुळ शिरगाव, हा 1963 साली स्थापन झालेल्या आपल्या जिल्हा दूध संघाच्या, म्हणजे 'गोकुळ'च्या दुधाचा रस्ता नकाशावर आखायला मुलांना आवडतं.

संस्थेत न्यायचं असेल तर संकलन सकाळी लवकर आणि संध्याकाळी चालतं, शाळेच्या वेळेत रिकामे कॅनच दिसतील. सचिवांशी आधी बोला. फॅट आता बऱ्याच ठिकाणी यंत्रावर काढतात. जिथं जुनी गर्बर पद्धत असेल तिथं सल्फ्युरिक आम्ल असतं, पोरांना चार हात लांब उभं करा. आणि चव घ्यायची सक्ती नको. दूध न पचणारं एखादं मूल वर्गात असू शकतं, त्याला बरणी हलवायला पुढे घ्या.