बास्केटबॉलमध्ये शेवटच्या मिनिटात रेफरी इतका जवळ उभा असतो, तरी त्याला फाऊल कसा दिसत नाही?

खरं सांगू का, बरेचदा जवळ असतो म्हणूनच दिसत नाही. फाऊल बघायला अंतरापेक्षा अँगल लागतो, म्हणजे शूटर आणि डिफेंडरच्या मधली फट दिसली पाहिजे, हाताला हात लागला की नुसता बॉलला लागला ते त्या फटीतनंच कळतं. डिफेंडरच्या पाठीमागे सरळ रेषेत सापडलात की मग दोन मीटरवर असा नाहीतर दहा, दिसणार पाठच.

तुम्ही बहुतेक २८ जानेवारी २०२३ च्या एनबीएमधल्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) लेकर्स-सेल्टिक्स मॅचसारख्या प्रकाराबद्दल विचारताय. बोस्टनला स्कोअर १०५-१०५, शेवटचे काही सेकंद, लेकर्सचा लेब्रॉन लेअपला (बास्केटजवळ जाऊन टाकायचा शॉट) गेला, सेल्टिक्सच्या टेटमने हातावर मारलं, टीव्हीवर सगळ्या जगाला दिसलं आणि कोर्टवरच्या तिघांपैकी एकाचीही शिट्टी नाही. ओव्हरटाइममध्ये लेकर्स १२५-१२१ हरले. लेकर्सच्या बेव्हर्लीने तर फोटोग्राफरचा कॅमेराच आणून रेफरीला दाखवला आणि वर टेक्निकल (वागण्याबद्दलचा फाऊल) घेतला 😄 मॅचनंतर क्रू चीफने (तिघांतला मुख्य रेफरी) मान्य केलं की फाऊल सुटला.

आता तीन माणसं असून असं का होतं, तर एक असतो लीड, बेसलाइनवर म्हणजे बास्केटमागच्या रेषेवर, दुसरा ट्रेल, मागे हाफकोर्टच्या बाजूला, आणि तिसरा स्लॉट (फिबात, म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांत, सेंटर म्हणतात) समोरच्या साइडला साधारण फ्री थ्रो लाइनच्या रेषेत. बॉल दुसऱ्या बाजूला गेला की लीडने तिकडे सरकायचं आणि बाकीच्या दोघांनी जागा बदलायच्या, याला रोटेशन म्हणतात. गोची अशी की शेवटच्या पझेशनला (बॉल ताब्यात असतानाच्या शेवटच्या संधीला) सगळे एका स्टारला बॉल देऊन बाजूला होतात, तो वाट बघतो, वाट बघतो आणि एकदम घुसतो, नेमकं तेव्हाच लीड बास्केटखालनं निम्म्या वाटेत असला तर तो धड या बाजूचा नाही आणि त्या बाजूचाही नाही. अनुभवी लीड ड्राइव्ह सुरू झाला की रोटेशन सोडून देतो, आहे तिथेच थांबतो, आणि पलीकडच्या बाजूचा कॉन्टॅक्ट स्लॉटने घ्यायचा असतो, मग तो लांब का असेना.

आणि हे सुटलं की सुटलंच. एनबीएत कोचचा चॅलेंज (निर्णय परत तपासायची मागणी) दिलेल्या निर्णयावर घेता येतो, न वाजलेल्या शिट्टीवर नाही! म्हणून तर दुसऱ्या दिवशी एनबीएचा लास्ट टू मिनिट रिपोर्ट येतो (२०१५ पासून), त्यात चूक कबूल करतात पण निकाल बदलत नाही, मग फॅन्सच्या जखमेवर मीठच.

आपल्याकडे जिल्ह्याच्या मॅचेसना मी दोनच रेफरींत उभा राहतो, तिथे तर ट्रेलची वाट लागते. तीन पॉइंटच्या रेषेवर शूटरचे पाय बघायचे, हातावर मारतंय का बघायचं, आणि वेळ संपायच्या आत बॉल हातातनं सुटला का तेही त्यानेच ठरवायचं. बॅकबोर्डला वेळ संपली की लागणारा लाल लाइट असेल तर ठीक, नाहीतर डोळे हातावर आणि कान टेबलच्या हॉर्नकडे, त्यात पब्लिकचा दंगा. माझं मत विचाराल तर अशा वेळी बॉलच्या मागे धावत जवळ जाणारा रेफरी सगळ्यात जास्त चुकतो, दोन पावलं बाजूला सरकून फट शोधणारा कमी चुकतो. फक्त पब्लिकला लांब उभा असलेला माणूस झोपलेला वाटतो, त्याला इलाज नाही.