आपत्ती आलीच नाही, तर यश मोजायचं कसं?

प्रश्न : विकसनशील देशातल्या एका आपत्ती जोखीम व्यवस्थापन प्रकल्पाचं मूल्यमापन मला करायचं आहे. प्रकल्पाच्या काळात मोठी आपत्ती आलीच नाही. मग परिणाम कशावरून ठरवू?

उत्तर : किती प्रशिक्षणं झाली, किती भोंगे बसवले, हे अहवालात आयतं मिळतं, त्यात मी फार वेळ घालवत नाही. इशाऱ्याची साखळी तपासा. संदेश शेवटच्या घरी किती वेळात पोहोचतो? ऐकू न येणाऱ्याला कोण सांगतं? गुरं मागे ठेवून माणसं निवाऱ्यात जातील का? हे सभेत नको, घरोघरी विचारा. सभेत पुढारीच बोलतात.

बांगलादेश पाहा. १९७० च्या चक्रीवादळात तीन लाखांहून अधिक माणसं गेल्याचा अंदाज आहे, १९९१ मध्ये सुमारे १,३८,०००, तर २००७ च्या ‘सिद्र’ चक्रीवादळात साडेतीन हजारांच्या आसपास. १९७२ पासून उभं राहिलेलं स्वयंसेवकांचं जाळं, निवारे आणि इशारे यांचा बळी कमी होण्यात मोठा वाटा आहे. पण प्रत्येक वादळाचा जोर आणि वाट वेगळी होती, म्हणून सगळं श्रेय एकाच प्रकल्पाला देता येत नाही. तुमच्या अहवालातही हे स्पष्ट लिहा.

आणि निधी संपल्यावर भोंग्याची बॅटरी कोण बदलणार, कुठल्या पैशातून, हे लेखी मागाच.